हळू पळण्याचा हुकूम

फौजेत पळण्याचं घड्याळ एकच, आणि ते उस्तादाच्या हातात. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत आलात तर आत, नाहीतर पुढच्या गाडीने घरी. तिथून जे सुरू होतं ते पेन्शनपर्यंत तसंच चालतं. २.४ किलोमीटर, पाच किलोमीटर, पाठीवर सामान, हातात रायफल आणि शेवटच्या रेषेवर उभं राहून आकडा ओरडणारा माणूस. पळणाऱ्याच्या छातीत त्या वेळी काय चाललंय हे विचारायची तिथे पद्धत नाही. विशी-पंचविशीत तशी गरजही पडत नाही, कारण त्या वयाचं शरीर काहीही खपवून घेतं. गरज पडते तिशीनंतर. तेव्हा मात्र ते विचारायचं कसं हे कुणाला शिकवलेलं नसतं.

बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये मला ते शिकायला वेळ मिळाला आणि हवाही मिळाली. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर वसलेलं हे शहर. ट्रॅफिकला शिव्या द्याव्यात तेवढ्या थोड्या, पण सकाळचे साडेपाच ते सात या वेळेला शिवी देणारा माणूस मला भेटलेला नाही. एप्रिल-मेमध्येसुद्धा पहाटे विशी-बाविशीच्या आसपास तापमान. जैसलमेरला ज्या वेगाने पळताना छाती फुटायची, त्याच वेगाने इथे पळताना ठोके मिनिटाला दहा-पंधराने कमी दिसायचे. माणूस तोच, बूट तेच. उन्हात रक्ताचा बराच भाग अंग थंड ठेवायला कातडीकडे जातो, घामाने पाणी कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. इथे हवा रोज जवळपास सारखी असल्यामुळे आजचा आकडा आणि पुढच्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवून बघता येतो. प्रयोगाला जागा चांगली.

प्रयोग सुरू झाला तो छातीच्या पट्ट्याने. एका मित्राने पाठवला होता. छातीवर बांधायचा, ओला करून लावायचा, तो हृदयाची विजेची हालचाल पकडतो आणि घड्याळाला कळवतो. असं बिनतारी यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं फिनलंडच्या पोलर कंपनीने, १९८२ साली. मी पट्टा आधी स्वतःला लावला, मग कुतूहल म्हणून पीटीच्या दौडीत रोज वेगळ्या जवानाला लावला. स्क्वॉड तोच, रस्ता तोच, वेगही उस्तादाच्या शिट्टीवरचा, म्हणजे तोच. दौड मध्यावर असताना एका पोराचे ठोके १३८ होते, दुसऱ्याचे १८१. पहिला सकाळचा फेरफटका मारत होता, दुसरा लढाई लढत होता आणि दोघं खांद्याला खांदा लावून पळत होते. दुसऱ्याला आपण वर्षानुवर्षं काय सांगतो? जोर लगा.

हा दुसरा आमचा एक नाईक. बीडकडचा, वय तेहतीस. पाच किलोमीटरमध्ये दोनदा राहिला होता, शेवटच्या वेळी चाळीस सेकंदांनी. टेस्ट पास नाही तर कॅडरला नाव नाही, कॅडर नाही तर हवालदारकी नाही. गावी घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत येऊन थांबलेलं आणि दोन मुली शाळेत. त्यामुळे तो काय करायचा, तर रोज संध्याकाळी एकटाच जाऊन पाच किलोमीटर जीव खाऊन पळायचा. रोज. नडगी दुखायची, तिच्यावर मलम चोळून परत पळायचा. वेळ मात्र तिथल्या तिथे. कामचुकार माणसाला सुधारणं सोपं असतं, हा कामचुकार नव्हता.

त्याला घेऊन बसलो तेव्हा आधी गणित मांडलं. सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र म्हणजे २२० वजा वय, ते झाले तुमचे कमाल ठोके. १९७१ च्या सुमाराचं हे सूत्र अंदाज म्हणून मांडलेलं होतं, पण जिममधल्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे कायद्यासारखं लागलं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी दुसरं दिलं: २०८ वजा वयाच्या सात दशांश. चाळिशीत दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं, १८०. विसाव्या वर्षी पहिलं २०० म्हणतं, दुसरं १९४. साठाव्या वर्षी पहिलं १६०, दुसरं १६६. आणि दोन्ही सरासरी आहेत. धडधाकट माणूस सरासरीपेक्षा दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असतो. फौजेच्या भाषेत सांगायचं तर दुकानातून सरासरी मापाचे बूट आणून अख्ख्या कंपनीला वाटल्यासारखं आहे हे.

नाईकाचं सूत्राने उत्तर १८७. डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावर, चांगलं वॉर्मअप करून, युनिटमागच्या चढावर त्याला तीनदा पूर्ण ताकदीने वर पळवलं. तिसऱ्या वेळी पट्ट्याने १९९ दाखवले. बारा ठोक्यांचा फरक. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीची नाडी ५८. फिनलंडचेच कार्वोनेन यांची १९५७ पासूनची पद्धत अशी की कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करायचे, जे उरतं ती तुमच्या हृदयाची शिल्लक, आणि झोन त्या शिल्लकेवर काढायचे. १९९ मधून ५८ गेले, उरले १४१. त्याचे साठ ते सत्तर टक्के, अधिक ५८. म्हणजे १४३ ते १५७. हा त्याचा सावकाश पळण्याचा पट्टा, ज्याला घड्याळवाले झोन दोन म्हणतात. सूत्राच्या १८७ चे नुसते साठ ते सत्तर टक्के धरले असते तर ११२ ते १३१ आले असते, आणि तेवढ्यात राहायचं तर त्याला चालावंच लागलं असतं. इथे एक सांगून ठेवतो. प्रत्येक कंपनीचं घड्याळ झोन आपापल्या हिशेबाने पाडतं. तुमचा झोन दोन आणि तुमच्या मेव्हण्याचा झोन दोन एकच असेल असं नाही, त्यामुळे लग्नात भेटल्यावर त्यावरून वाद घालू नका. घड्याळात आधी आपले स्वतःचे आकडे घाला.

झोन पाच असतात, पण कामाचे प्रश्न दोनच. इतकं सावकाश पळतोय का की उद्या परत पळता येईल? आणि जोरात पळायच्या दिवशी खरंच जोरात पळतोय का? मधला, म्हणजे तिसरा-चौथा झोन, फौजेचा आवडता. रोज थोडा दम लागतो, घाम येतो, काम केल्यासारखं वाटतं. पण थकवा पूर्ण उतरत नाही आणि वेगही पूर्ण येत नाही. जगभरच्या चांगल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं प्रशिक्षण तपासून स्टीफन सायलर यांनी दाखवलं की त्यांच्यापैकी बहुतेकांचं ऐंशी टक्क्यांच्या आसपास काम सोपं असतं आणि उरलेलं फार अवघड. सोप्या पळण्यात हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडायला लागतं, स्नायूंत बारीक केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळून पळायची सवय लागते. हे बांधकाम महिन्यांच्या हिशेबाने होतं, दिवसांच्या नाही.

हे सगळं ऐकून नाईक म्हणाला, "साहेब, पण साबळे असा हळू पळत असेल का?"

अविनाश साबळे त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर होता. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, महार रेजिमेंट, सियाचीनची पोस्टिंग, तिथून स्टीपलचेस, २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. त्याच्या तालमीचा बराच काळ याच शहरात, साईच्या केंद्रात गेला. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबरही इथेच घडली. रिओला २०१६ मध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली, ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय बाई. माणदेशात प्यायला पाणी नाही पण पळणारे पिकतात, असं आम्ही उगाच नाही म्हणत. तर एका रविवारी नाईकाला घेऊन ज्ञानभारतीच्या बाजूला गेलो. ट्रॅकसूटवर इंडिया लिहिलेली दोन पोरं आली. आम्हाला वाटलं होतं त्याच्या निम्म्या वेगाने, गप्पा मारत, हसत. नाईक बघत राहिला. माझ्या सगळ्या गणितापेक्षा त्या दोन पोरांनी जास्त काम केलं.

मे महिन्यात सुरुवात केली. चार दिवस सोपं, एक दिवस पीटीतली नेहमीची दौड, दोन दिवस पळायचं नाही. १५७ च्या खाली राहायचं तर त्याचा वेग किलोमीटरला सात मिनिटं चाळीस सेकंद. चढ आला की तेही नाही, सरळ चालायचं. आणि बेंगळुरूत चढ शोधावे लागत नाहीत, सपाट रस्ता शोधावा लागतो. हलसूर तलावाच्या बाजूने जाताना साडी आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या काकू चढावर भराभर चालत आम्हाला मागे टाकायच्या. नाईकाची मान खाली. पोटऱ्यांत ताकद आहे, छातीत दम आहे आणि तरी मागे राहायचं, हा हुकूम पाळणं फौजी माणसाला जोर लावण्यापेक्षा जड जातं. शहाळीवाला रोज आम्हाला बघून म्हणायचा, "निधान, सार, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू, सावकाश. नाईकाला आधी वाटलं, तो म्हणतोय की 'निदान' एवढं तरी पळा. बरेच दिवस चिडून होता त्याच्यावर.

पट्टा हाताशी नसेल तेव्हा मी त्याला आपला जुना उपाय दिला होता. पळता पळता नंबर, रँक, नाव, गाव, तालुका, जिल्हा एका दमात सांगायचं. मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे.

जुलैत त्याला डेंग्यू झाला. पावसाळ्यात इथे डेंग्यू घरोघर असतो. ताप गेला, डॉक्टरांनी हलकी कामं करायला परवानगी दिली, आणि हा दुसऱ्याच दिवशी बूट घालून हजर. टेस्ट नोव्हेंबरात. मी सकाळची नाडी विचारली तर ७१. ताप नाही, दुखत नाही, भूक लागते, पण हृदय झोपेतसुद्धा तेरा ठोके जास्त मारतंय. म्हणजे आत अजून दुरुस्ती चालू आहे. मी म्हटलं, साठपर्यंत येईपर्यंत पळायचं नाही, फक्त चालायचं. तो बोलला काही नाही, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की साहेबांना प्रमोशन मिळून गेलंय, यांचं काय जातंय. सुमारे तीन आठवडे गेले. त्या काळात मलाही झोप नीट लागत नव्हती हे खरं आहे, कारण दुसऱ्याच्या हवालदारकीशी खेळणं हा काही छंद नव्हे.

याच दिवसांत आमचे एक जुने उस्ताद, हरियाणाचे, मला मेसमध्ये म्हणाले, "साहब, घड़ी देख के लड़ाई नहीं होती." त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गोळी चालू असताना कुणी झोन बघत नाही, आणि ज्याने कधी छाती फाटेपर्यंत पळूनच पाहिलं नाही त्याला त्या क्षणी आपल्यात अजून किती शिल्लक आहे हे कळणार नाही. रगडा त्यासाठीच असतो. पण मी त्यांना लेहची आठवण दिली. तिथे विमानातून उतरल्यावर हीच फौज आपल्याला काय सांगते? सवय होण्याचा पहिला टप्पा सहा दिवसांचा, त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण आराम. पळालास तर तुझ्यावर कारवाई. तिथे नर्सिंग असिस्टंट येऊन नाडी बघतो आणि कुणी त्याला घाबरट म्हणत नाही, कारण तिथे घाई केलेले लोक खाली कसे आणले गेले ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणजे फौजेला हळू जाणं माहीत आहे. सपाटीवर आलो की आपण ते विसरतो. उस्ताद हसले, म्हणाले, "वो तो पहाड़ है." मग चहा आला.

ऑगस्टच्या शेवटी नाईक परत पळायला लागला. सप्टेंबरपासून आठवड्यातला एक दिवस जोराचा. आठशे मीटर वेगात, मग चालणं, परत आठशे. या दिवशी मी त्याला घड्याळाकडे बघू दिलं नाही. ठोके वाढायला अर्धं-एक मिनिट मागे राहतात, त्यामुळे छोट्या तुकड्यात आकडा बघून वेग ठरवणं फसवं असतं. शेवटचे सहा आठवडे सामान घेऊन. पाठीवर वजन आलं की सोप्या वेगालाही ठोके वर जातात, म्हणून परत चालणं आलं. पण आता त्याने कुरकुर केली नाही, कारण आकडा त्यालाच दिसत होता: त्याच १५० ठोक्यांना, वजनाशिवाय, किलोमीटरला सहा पन्नास. मे महिन्यापेक्षा पन्नास सेकंद कमी, आणि दम तेवढाच.

हे सगळ्यांना लागू पडतं असं मात्र नाही. आमच्याकडे बावीस वर्षांचा एक पोरगा होता, हरणासारखा पळायचा. नाईकाचं बघून त्यानेही मनगटी घड्याळ घेतलं आणि दर शंभर मीटरला मनगट बघत पळायला लागला. वेग गेला, मजा गेली. शिवाय डाव्या मनगटावर 'आई' गोंदवलेलं. मनगटी घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडून रक्ताची हालचाल मोजतं, गोंदणाची शाई तो उजेड खाते, आणि घड्याळ वाटेल ते दाखवतं. पट्टा सैल असेल तर आणखी एक गंमत होते, ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. सोप्या पळण्यात अचानक १७० च्या आसपास आकडा चिकटून बसला तर घाबरायच्या आधी घड्याळ घट्ट करा. त्या पोराला मी घड्याळ काढून ठेवायला सांगितलं. आता परत हरणासारखा पळतो.

आणि सेवेत असलेल्यांसाठी एक: ठोके मोजायला नकाशा लागत नाही. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या नकाशावर जगभरच्या लष्करी तळांच्या धावपट्ट्या उजेडासारख्या चमकताना लोकांनी पाहिल्या, कारण सैनिक पळताना घड्याळातला जीपीएस चालू ठेवत होते. जीपीएस बंद ठेवा, अंतर आपल्याला माहीत असतं.

आता निवृत्त मंडळींसाठी थोडं जास्त, कारण फोन तुमचेच जास्त येतात. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, त्यातही अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीची, तर वरची सगळी सूत्रं तुमच्यासाठी बाद. ती गोळी ठोके वाढूच देत नाही. तुम्ही १३० ची वाट बघत ढकलत राहाल आणि शरीर आधीच कडेला पोहोचलेलं असेल. ईसीएचएसमधून रेफर करून घ्या, ट्रेडमिलची टेस्ट करा, आणि डॉक्टरांनाच विचारा की माझी वरची मर्यादा किती. दुसरं, थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात ते बघा. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात ट्रेडमिलनंतर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांना पुढच्या काळात धोका जास्त दिसला होता. घरच्या घरी मोजून स्वतःचं निदान करू नका, पण आकडा सतत कमीच येत असेल तर डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. घड्याळ नसेल तर मनगटावर दोन बोटं, थांबल्याबरोबर दहा सेकंद मोजा, सहाने गुणा. यात खर्च शून्य. सुरुवातीलाच पळायचा हट्टही नको. आपल्यातले कितीतरी जण पेन्शन आल्यावर दहा वर्षं बसतात आणि मग एका एक तारखेला एकदम जुन्या कंपनीच्या वेगाने पळायला जातात. मन अजून चोवीसचं असतं, धमन्या नसतात.

नोव्हेंबरात नाईकाची टेस्ट झाली. मी मुद्दाम मैदानावर गेलो नाही, ऑफिसात बसून राहिलो आणि एकच कागद तीनदा वाचला. तो वेळेच्या बावीस सेकंद आधी आला. फार भारी नाही, एक्सलंट तर नाहीच, पण पास. कॅडरच्या यादीत नाव लागलं आहे, पुढचं त्याच्या हातात. मला येऊन त्याने आधी वेळ सांगितली नाही. म्हणाला, "साहेब, तीन किलोमीटरला बाकीच्यांनी मला मागे टाकलं होतं, मी जाऊ दिलं."

माझी पोस्टिंग आली आहे, उंचावरची, त्यामुळे माझे स्वतःचे सगळे आकडे तिथे नव्याने काढावे लागतील. पट्टा नाईकाकडे ठेवून जातोय. स्क्वॉडमध्ये आणखी तिघं आहेत ज्यांचे ठोके १८० च्या आसपास असतात, त्यांना तो आळीपाळीने लावणार म्हणतो. सेल नाण्याएवढा असतो, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. लावण्याआधी पट्टा ओला करायला विसरू नकोस, एवढं त्याला बजावलं आहे.